लग्न मानवलं

अंगठी शेवटी सोनारानं कापूनच काढली. सीताबर्डीच्या त्या दुकानात मीराबाई लेकाचं जाडजूड बोट कौतुकानं चोळत बसली होती.

"लग्न मानवलं गा तुले, रोशन," ती हसली. मग सुनेकडं न पाहताच म्हणाली, "हिलेच काहून नाही मानवून राहिलं?"

दीक्षानं कापलेली अंगठी पर्समध्ये ठेवली. लग्नाला सहा वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती. आज मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली होती. त्यांनीही हात टेकले, तर सासू लेकासाठी दुसरी मुलगी पाहणार होती. तसं तिनं तोंडावर सांगितलं होतं.

दवाखान्यात नंबर येईस्तोवर दीक्षाचा डोळा लागला. पुन्हा तेच स्वप्न. माहेरच्या, काटोलच्या संत्राबागेतून एक पोरगं बापाच्या, रोशनच्या, चपला घालून फरफटत येई. चपला दर खेपेला आणखी मोठ्या. चेहरा बापाचाच, पण लग्नाच्या दिवशीच्या बापाचा. ती हात पुढे करी, अन् बाग विरून जाई.

आज जाग आली ती रोशनच्या घोरण्यानं. बसल्या बसल्याच घोरत होता बिचारा. तिला त्याची माया आली. आईचं एवढं बोलणं ऐकूनही त्यानं तिला कधी दुखावलं नव्हतं.

डॉक्टर मधुवंतींनी दीक्षाचे रिपोर्ट चाळले. "डोकं दुखतं?"

दोघांनीही होकारार्थी मान हलवली.

"लग्नाचा फोटो आहे?"

दीक्षानं मोबाइल पुढे केला. आपण किती वाळलो ते पाहत असतील, तिला वाटलं. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिल्या.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यात कधी गाठ होते. कर्करोगाची सहसा नसते, पण नको तितके हार्मोन सोडते. शरीर बदलतं, मूल होत नाही. मला तशी शंका आहे. रक्त तपासू, एमआरआय काढू. गाठ निघाली तर नाकावाटे काढता येते, औषधंही आहेत. त्यानंतर मूल होऊ शकतं."

"मी म्हणत होती नं!" मीराबाई उसळली. "हिच्यातच खोट हाये."

दीक्षाला रडू आलं, पण ते सुखाचं. बागेतलं पोरगं चार पावलं जवळ आलं होतं. "मले भरती कधी व्हा लागन, मॅडम?"

"तुमचे रिपोर्ट अगदी चांगले आहेत," म्हणत डॉक्टर उठल्या. तिला ओलांडून त्यांनी रोशनचा हात हातात घेतला आणि बोटावरच्या ताज्या वळावर अंगठा फिरवला.

"अंगठी घट्ट कधीपासून व्हायला लागली होती?"