काड्यांचं गाव

आठवण कधी खोटं बोलत नाही, असं साबातीनो छातीवर हात ठेवून सांगे. चष्मा कुठे ठेवला हे मात्र त्याला रोज बायकोला विचारावं लागे.

इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या वीटभट्टीतून निवृत्त झाल्यावर त्याने आगकाड्यांचं आपलं इटलीतलं गाव उभारलं होतं. त्यात त्याचं जन्मघर होतं, आणि आई शेंगा सोलत बसायची ती पायरीसुद्धा.

एका सकाळी त्या घराच्या इवल्याशा दारावर काळी चिंधी दिसली. घरातलं माणूस गेलं की त्यांच्या गावात दारावर अशी काळी पट्टी लावतात.

"ही काय थट्टा झाली, जेरार्दा?"

"मी लावली असती तर सरळ लावली असती," बायको म्हणाली.

त्याने ती काढून टाकली. दुपारी ती पुन्हा तिथेच होती. त्याने गावी चुलतबहिणीला फोन लावला.

"मिकेलीना, तिकडे कोणी गेलं का गं?"

"नाही रे दादा. तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"हायसं वाटलं बाई. तुमचं घर इतकी वर्षं बंद, त्या घरचं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि आज सकाळी दारावर काळी पट्टी. मी काढली, तर आता पुन्हा तिथेच."

साबातीनोने फोन ठेवला आणि तो जेवायला बसला. पास्त्यात मीठ कमी होतं.