अकरा पावलांवर

डॉक्टर नसीमा मुजावर यांनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं. तेंडोलकरांच्या बदललेल्या खुब्यावर वर्षभरात उगवलेला ऊतींचा थर त्यात दिसत होता. तो थर पाऊल न् पाऊल लक्षात ठेवतो. त्यामुळे खुबा बदललेल्या माणसाला आता 'रोज किती चालता' असं कुणी विचारत नाही.

"काका, हे काय चाललंय?" डॉक्टर म्हणाल्या. "अकरा पावलं जाता, थांबता, जागच्या जागी वळता आणि अकरा पावलं परत येता. दिवसातून तीस-चाळीस वेळा. वळून वळून थर एका बाजूनं पार झिजलाय. काय आहे तिथं?"

"दार."

"कोण येणार आहे?"

"मुलगा. गेल्या दिवाळीला निघताना 'येतो' म्हणाला होता."

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग म्हणाल्या, "काका, निघताना सगळेच 'येतो' म्हणतात. 'जातो' कुणी म्हणत नाही."

"माहीत आहे हो. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी." तेंडोलकरांनी काठी उचलली. "पण हा खुबा पडला परका. त्याला कोण समजावणार?"

दाराशी पोचल्यावर सवयीचा शब्द त्यांच्या ओठांवर आला. तो त्यांनी गिळला आणि वळून विचारलं, "परत कधी दाखवायचं?"

"सात मार्चला, सकाळी दहा वाजता."

त्यांनी तारीख दोनदा पुटपुटून पाठ केली. मगच म्हणाले, "येतो."