मागची खिडकी

मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडं वळवायचा आणि त्या उजेडात लघवीतल्या पेशी ओळखायच्या, हे परभणीच्या दवाखान्यात पंडितरावांचं रोजचं काम. पण एखादा नमुना ठेवला की भिंगात अंधारून यायचं, खिडकीत कुणी येऊन उभं राहावं तसं. मान वर करावी तर खिडकी रिकामी. तो रोगी मात्र घरी परतायचा नाही.

आज काचेवर त्यांच्या गरोदर लेकीचा, दैवशालाचा नमुना होता. अंधारून आलं.

"आबा, काय दिसायलंय?" तिनं बाकावरून विचारलं.

"काई न्हाई माय. उजेड कमी हाय."

त्यांनी आरसा मागच्या खिडकीकडं फिरवला. लख्ख उजेड पडला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्याला वळसा घालून मागं यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळानं भिंगात पुन्हा अंधारून आलं.