नाव घेऊन मागायचं

"तो दे," थोरल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोस्टमास्तरांच्या उघड्या तोंडावरची नजर न काढता त्यांनी उजवा हात बाजूला केला.

हात रिकामाच राहिला.

"कोणता, आई?" सून म्हणाली. तीही दातांचीच डॉक्टर, पण आज मुद्दाम हाताखाली उभी राहिली होती. आवाज इतका गोड, की दात किडावेत.

"तो गं. मागची दाढ दिसायला. दांडीचा, गोल..."

"नाव घ्या ना."

नाव माहीत होतं. उभा जन्म ते घेण्यात गेला होता. पण बाईंनी जीभ उचलली की 'चिमटा' पुढे यायचा. चिमटा नको होता. त्याला जितकं ढकलावं तितका तो दारात ठाण मांडून बसत होता, आणि हवा तो शब्द त्याच्यामागे अडकून पडला होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सगळ्यांसमोर सांगितलं होतं: आजार काही नाही. शब्द शाबूत आहेत. वयाबरोबर त्यांच्यापर्यंत जायची वाट झिजते, म्हणून उशीर होतो, एवढंच. त्यावर सून तिथल्या तिथे म्हणाली होती, "तोवर पेशंटने तोंड उघडं ठेवून बसायचं का?" शेवटी बाईंच्या मुलाने तोडगा काढला. आज पोस्टमास्तरांची दाढ धड भरली गेली तर सकाळचे पेशंट आईचे. नाहीतर उद्यापासून दवाखाना बायकोचा.

"चिमटा," बाईंच्या तोंडून निसटलंच.

चिमटा तत्परतेने तळहातावर आला.

"हा नको! डोळे फुटले का तुझे? ते दे, ते!"

सून जागची हलली नाही. "'ते' नावाचं हत्यार या दवाखान्यात नाही."

वाक्य बाईंचंच होतं. नियमही त्यांचाच: हत्यार नाव घेऊन मागायचं, आणि मागितल्याशिवाय द्यायचं नाही. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या सुनेला त्यांनी हे भरल्या दवाखान्यात ऐकवलं होतं, आणि ती आत जाऊन रडत असताना बाहेर पेशंटबरोबर हसल्याही होत्या. सुनेने ते वाक्य जपून ठेवलं होतं. तोंडात कापसाचे बोळे घेऊन पोस्टमास्तर दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

बाईंनी मागणंच सोडलं. त्या कंबरेत वाकल्या, मान वेडीवाकडी केली, बोटाने गाल ओढून धरला आणि नुसत्या डोळ्यांनी बघत कीड कोरून काढली. मानेतून कळ गेली तरी थांबल्या नाहीत. दाढ भरली. इतकी नेटकी, की सुनेला वाकून बघूनही खोट सापडली नाही.

पोस्टमास्तरांनी खळखळून चूळ भरली. तेवढ्यात शब्द आला, कोणी न बोलावता, आपल्या पायांनी.

"आरसा," बाई म्हणाल्या.

"आता काय करू त्याचं?" सून म्हणाली.

पोस्टमास्तर रुमालाने ओठ पुसत उठले. "काम झकास झालं हो, बाई. पण मला आपली धाकधूक झाली. पुढच्या वेळी जरा यांच्याकडेच..." त्यांनी सुनेकडे हात केला. "या तुमच्या... अहो, या..." ते कपाळावर बोटं आपटू लागले. बाईंच्याच वयाचे होते. "अगदी ओठावर आहे बघा!"

सून. बाईंच्या तोंडात शब्द तयार होता, आयता. त्यांनी सावकाश हातमोजे काढले आणि पोस्टमास्तरांच्या उघड्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"नाव घ्या," त्या म्हणाल्या. "'या' नावाचं कोणी इथे नाही."