वच्छलाबाईची बिनधुराची चूल

“धूर नाई त ते चूल कायची?” वच्छलाबाईनं विचारलं, आणि गफ्फारनं आणलेल्या पत्र्याच्या चुलीकडे असं पाहिलं, जसं तिच्या अंगणात कोणी दुसऱ्याचं बकरू आणून बांधलं होतं.

गफ्फार दारव्ह्याचा. टिनाच्या पेट्या आणि कोठ्या ठोकता ठोकता आता बिनधुराच्या चुली बनवायला लागला होता. बोरी अरबच्या त्या मातीच्या घरात आंघोळीचं पाणी तापवायची चूल वच्छलाबाईनं नवी नवरी असताना स्वतःच्या हातानं थापली होती. चूल कसली, राक्षसीण. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, अख्खी गंजी संक्रांतीआधी खाऊन टाकायची. औंदा कापूस बोंडअळीनं खाल्ला. वावरातून घरी आली ती पऱ्हाटीच. तीही चुलीनं खाल्ली, तर पुढं जाळायचं काय? त्यात सून अर्पिता पोटुशी. धुरानं खोकून खोकून बिचारीचा जीव अर्धा झाला होता. घरात धूर नको, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

म्हणून मुलानं, कपिलनं, आधी गिझरचं काढलं.

“लाइन येते कव्हा, जाते कव्हा,” वच्छलाबाई म्हणाली. “अंगाले साबण लावून तुया बाप बसन का लाइनीची वाट पाहत?”

सोलरचा विषय निघाला. “त्या वजनानं कवेलू फुटतीन. मंग सारं गाव वरून पाहीन मले न्हाताना.”

गॅसचं नाव काढलं. “सिलिंडरसाठी नंबर लावाले तू जाय. मी थंड्यानंच न्हाते. मेली त त्याच गॅसवर जाळजो.”

खरं कारण ती मेली तरी सांगणार नव्हती. वच्छलाबाई बिडी प्यायची.

घरात बिडीबंदीचा कायदाही तिचाच होता. पुंडलिकरावांशी लग्न झाल्यापासून ती रोज सांजच्याला नवऱ्याच्या सदऱ्यात हात घालायची, बंडल काढायची आणि चार माणसांत फडकवून म्हणायची, “घालते चुलीत!” मग पहाटे न्हाणीत पाणी तापवायला एकटी बसायची. चुलीच्या धुरात बिडीचा धूर असा मिसळायचा, जसा बाजारच्या गर्दीत खिसेकापू. आपल्या नवऱ्याची तिला कीव यायची. एवढी वर्षं पकडला जातो, पण माणसाला खिसा बदलायची अक्कल नाही. तीच खुंटी, तोच सदरा, तोच डावा खिसा. पिताना कधी सापडला नाही, आणि ठेवताना रोज सापडतो!

आता हा गफ्फार तिचा आडोसाच मोडायला आला होता.

त्यानं मूठभर पऱ्हाटी घातली, काडी लावली. बघता बघता वर ठेवलेल्या गंजातलं पाणी वाफाळलं. धुराची रेघ नाही.

“काकू, हे सारी हवा आत ओढते,” गफ्फार म्हणाला. “धूर पाइपातून सिद्धा कवेलूवरून बाहेर. घरात काहीच नाही येत.”

अर्पिता शेजारी उभी होती. खोकत नव्हती. नुसती सासूच्या तोंडाकडे पाहत होती. वच्छलाबाईनं एकदा जुन्या चुलीकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पोटाकडे.

“ठेव,” ती म्हणाली. दुभती म्हैस दान करावी, तशी.

पुढचे काही दिवस घरात कोणाची धडगत नव्हती. चहा कडू, भाजी खारट, कपिल नालायक, शेजारच्या विमलताईचा कोंबडाही बेशरम. शेवटी एका पहाटे वच्छलाबाईला राहवलं नाही. तिनं बिडी पेटवली, एकच झुरका घेतला आणि भीत भीत सोडला. धूर तिच्या तोंडातून निघाला आणि मुकाट चुलीच्या तोंडात शिरला. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा शिरला. सून एवढी आज्ञाधारक नव्हती!

त्या दिवसापासून ती गल्लीभर सांगत सुटली, “चूल असावी त गफ्फारची! जुनी थापली होती कोण्या येडीनं!” विमलताईला तिनं ती चूल घ्यायलाच लावली.

विमलताईची चूल बसवून गफ्फार आभार मानायला आला. अंगणात सगळेच होते.

“काकू, खालची राख काढता ना वेळेवर?”

“एवढीशी चूल, तिले राख कायची?”

गफ्फार हसला, वाकला आणि चुलीखालचा कप्पा ओढला. असा काही कप्पा असतो, हे वच्छलाबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. जुन्या चुलीच्या विस्तवात पडेल ते खाक व्हायचं. इथं मात्र जाळीतून सगळं खाली घसरत होतं. कप्प्यात थोडीशी राख होती, आणि राखेत लाल दोऱ्याच्या बिड्यांची थोटकं. ढीगभर.

गफ्फार एकदम आभाळाकडे पाहायला लागला.

“बाबा!” कपिल ओरडला. “लाज नाई वाटत? घरात पोटुशी बाई हाय!”

पुंडलिकरावांनी मान खाली घालून हसू दाबलं. वच्छलाबाई गप्प बसली असती, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तिचा गुन्हा दुसऱ्यानं मिरवावा, हे तिला कसं खपणार?

“त्याईले कायले बोलतं रे? मी पेली! आन् खोटं कव्हाच नाई बोलली. चुलीत घालते म्हणली, चुलीतच घातल्या.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आन् तुमी काय हासून राह्यले? तुमच्याच खिशातल्या हायेत!”

“मी त कपिल रांगत होता तव्हाच सोडली वं बिडी,” पुंडलिकराव म्हणाले. “पण तू का दुकानात जाऊन घेणार होती?”