तासाच्या आत

"प्रादेशिक समतोल हे केंद्राचं पवित्र कर्तव्य आहे," मागच्या सीटवरून, केंद्रातून पाहणीला आलेले साहेब म्हणाले. गाडी खड्ड्यात आदळल्यामुळे 'कर्तव्य' त्यांना दोन हप्त्यांत म्हणावं लागलं.

पुढे बसलेल्या नगराध्यक्षबाईंनी मान डोलावली. गाडी त्यांचा नवरा चालवत होता. पालिकेच्या ड्रायव्हरचं पद मंजुरीसाठी राजधानीला गेलं होतं, ते अजून तिथेच रमलं होतं.

धोरण सोपं होतं. जिथून मोठं इस्पितळ तासाभराहून लांब, तो भाग मागास. मागास भागाला स्वतःचं इस्पितळ. साहेब नकाशावर विसंबणारे नव्हते. प्रत्येक गावातून ते स्वतः गाडीत बसून निघत आणि घड्याळ लावत. या प्रामाणिकपणाबद्दल खात्यात त्यांच्याविषयी बरं बोललं जात नसे.

बाई निर्धास्त होत्या. धरणाला वळसा घालणारा हा रस्ता दोन तासांच्या आत कुणाला सोडत नसे. गेल्या वर्षी त्यांच्या जावेला बाळंतपणासाठी इथूनच नेलं होतं. जाऊ वाचली, बाळ नाही. म्हणून तर बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या. गावाला इस्पितळ हवं, एवढंच त्यांचं भाषण. त्यापुढे त्यांना बोलता येत नसे. लोकांना ते वक्तृत्व वाटलं.

धरण दिसू लागलं आणि साहेबांचं बोलणं थांबलं. बाईंना आधी बरंच वाटलं. मग त्यांनी वळून पाहिलं. साहेब छाती दाबून बसले होते. सदरा घामाने चिंब.

धरणाच्या भिंतीवरून सरळ रस्ता होता. भिंत उतरली की इस्पितळ. पण भिंत केंद्राची, फाटक केंद्राचं, पहारेकरीही केंद्राचाच. गावकऱ्यांना बंदी. जावेच्या वेळीही ते फाटक उघडलं नव्हतं.

"अहो, भिंतीवरून घ्या. साहेबांचं ओळखपत्र बघून उघडतील."

नवऱ्याने गाडी हळू केली. "अगं, तिथून गेलो तर तासाच्या आत पोहोचू. इस्पितळ गेलं मग."

"आणि नाही गेलो तर हे गेले. वळवा."

त्याने वळवली. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहून कडक सलाम ठोकला. तशा कळांतही साहेबांनी तो स्वीकारला.

संध्याकाळी साहेब खाटेवर उशीला टेकून बसले होते. बाई दिसताच त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, माझ्या सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं," ते म्हणाले. "पण खोटं कसं लिहू? चाळीस मिनिटांत पोहोचलो आपण. म्हणून तर जिवंत आहे."

"साहेब, ते फाटक आम्हाला उघडत नाहीत."

"माहीत आहे मला. पण फाटक धरणखात्याचं. आमच्याकडे फक्त वेळ येतो." त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "वाईट वाटून घेऊ नका. तुमचा भाग मागास नाही."

बाईंनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि त्या बाहेर आल्या.

परतताना गाडीत साहेब नव्हते, त्यामुळे नवरा-बायको धरणाला वळसा घालून घरी गेले.