चावीवरचा पंखा

पंखा डायरेक्ट बॅटरीवर घ्यायचा की चावीवर, एवढंच संघदीपला विचारायचं होतं. वामनरावांनी मात्र उत्तराला एवढा वेळ घेतला, जसं काही कोणी लेकीसाठी स्थळ आणलंय.

"चावीवर," ते शेवटी म्हणाले.

गाड्यांच्या वायरिंगचं संघदीपचं दुकान यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, आणि वामनरावांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांची जुनी पांढरी गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली चाकांना विटा लावून उभी होती. ती कुठंच जाणार नव्हती, आणि तिला दोन पंखे, एक दिवा आणि गाणी लावायला स्पीकर हवा होता. संघदीपनं हौशी गिऱ्हाईकं पुष्कळ पाहिली होती, पण उभ्या गाडीत वारा मागणारं हे पहिलंच.

"उभ्या गाडीले चावी कायले, काका? डायरेक्ट घेतो. बटन दाबलं का सुरू."

"चावी फिरवल्याबिगर हिले गाडी सुटल्यासारखी वाटत नाही."

ही म्हणजे त्यांची बायको, विमलताई. वर्षभरापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं वामनरावांनी वायर धरता धरता सांगितलं. दुपार कलली की ती पिशवी भरायची आणि वर्ध्याला लेकीकडे चला म्हणून मागं लागायची. इकडे वामनरावांची नजर त्याआधीच शुगरनं अधू केलेली. त्यांनी गाडी रोडवर काढू नये म्हणून लेकीनं, अर्पितानं, सेल्फची वायरच काढून नेली होती. चावी फिरायची, इंजिन काही लागायचं नाही. मग ते बायकोला उभ्या गाडीतच बसवायचे, स्टेअरिंग धरायचे आणि एकेक गाव सांगत न्यायचे. वर्धा येईपर्यंत ती शांत व्हायची. त्यानंतर दोघंही घरात येऊन जेवायची.

मागच्या आठवड्यात बॅटरी बसली. डॅशबोर्डवरचा दिवासुद्धा लागेना, आणि वर्धा बंद पडलं. नेमकं त्याच दिवसांत वामनरावांना कणकण वाटायला लागली, ते खाटेवरच पडून राहिले. आणि विमलताई पिशवी घेऊन हायवेवर सापडल्या, ट्रकांच्या मधोमध.

आता रविवारी अर्पिता येणार होती. आई पुन्हा रोडवर गेली तर तिला नागपूरला सांभाळायच्या ठिकाणी ठेवू, असं तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं.

"ही गेली तं मी इथं कोणाच्या तोंडाकडं पाहू?" वामनराव म्हणाले, आणि उगाचच टायरवर लाथ मारून हवा तपासली.

संघदीपला वाईट वाटलं. त्याचा स्वतःचा बाप दिवसभर घरात खेकसायचा, पण खेकसायला समोर माणूस होतं. त्यानं काम जास्तच मन लावून केलं. बॅटरीवरून जाड वायर ओढली, तिला फ्यूज टाकला, मधे रिले बसवला. चावीनं फक्त रिलेला उठवायचं, ओझं सगळं जाड वायरनं वाहायचं. बॅटरी पुन्हा बसू नये म्हणून घरातून चार्जरची लाईनही आणून दिली.

मधेच विमलताई चहा देऊन गेल्या. वामनरावांचा बिनसाखरेचा, संघदीपचा गोड. कप बदलले नव्हते.

"हाताची सवय हाय," वामनराव हळूच म्हणाले. "हात नाही भुलत."

काम झाल्यावर ते घरात गेले आणि इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, भांग पाडून आले. विमलताई शेजारी बसल्या, मांडीवर पिशवी. मागच्या सीटवर संघदीप, पंखा बघायला म्हणून.

चावी फिरली. वारा आला. जुनं गाणं अगदी हळू लागलं, आणि उन्हाचे कवडसे काचेवर हलू लागले. वामनरावांनी गिअरवर हात ठेवला. यवतमाळ मागं पडलं म्हणाले, आता दोन्ही अंगांना कापूस फुटलाय म्हणाले. संघदीपचे डोळे जड झाले. गाडी विटांना अडलेली आहे हे त्याला माहीत होतं, विटा त्यानंच मघाशी पुन्हा नीट लावल्या होत्या. तरी पांढरी वावरं मागं सरकताना त्याला दिसली, आणि खाली रस्ता ऐकू आला.

"कुठवर आलो जी?" विमलताईंनी विचारलं.

"कळंब. चिंतामणीले हात जोड."

त्यांनी हात जोडले. बुद्धविहारात जाणाऱ्या संघदीपचेही जोडले गेले.

वर्धा आलं तेव्हा वामनरावांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की संघदीपला बघवेना. चावी बंद करून ते बायकोसाठी पाणी आणायला घरात गेले. संघदीप खाली उतरून पक्कड, पाने गोळा करू लागला. अशा माणसांशी बोलतात तसं जरा मोठ्यानं, लाडानं त्यानं विचारलं, वारा लागला का मावशी, बरं वाटलं का?

विमलताईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग काच खाली करून त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या.

"डायवरच्या अंगाचा पंखा थोडा जोरात ठेव, भाऊ. मले काहीच झालं नाही. गाडी चालवणं सुटलं तवा हे खाटेवरून उठतच नव्हते. मी भुलली, तवा उठले."